नवोदयची इंटर हाउस ॲथलेटिक्स: पालक आणि पोरं सारखे विचारतात ते प्रश्न

मी नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी जवाहर नवोदय विद्यालयाचा माजी विद्यार्थी. बाहेर पडून बरीच वर्षं झाली पण मीट आली की अजून जातो, कधी फिनिशला स्टॉपवॉच घेऊन, कधी लांब उडीच्या खड्ड्यापाशी टेपचं एक टोक धरून. त्यामुळे सहावीत नुकतं पोरगं टाकलेल्या आईपासून ते बारावीतल्या हाउस कॅप्टनपर्यंत सगळ्यांचे मेसेज येतात, आणि प्रश्न दरवर्षी तेच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. तुमच्या शाळेत एखादी गोष्ट वेगळी चालत असेल तर चालू द्या, फक्त ती मीटच्या आधी सगळ्यांना माहीत असली पाहिजे, नंतर नाही.

१. इंटर हाउस ॲथलेटिक्स म्हणजे स्पोर्ट्स डेच ना?

तोच, पण गाभा वेगळा. साध्या स्पोर्ट्स डेला मुलगा स्वतःसाठी पळतो, मेडल घेतो, घरी जातो. नवोदयमध्ये घरी जायचंच नसतं, ज्या हाउससाठी पळला त्याच हाउसच्या डॉर्मिटरीत रात्री झोपायचं असतं आणि शेजारच्या बेडवरचा हरलेला असेल तर त्याचं तोंडही बघायचं असतं. प्रत्येक इव्हेंटचे गुण हाउसच्या खात्यात जातात आणि शेवटी एक चॅम्पियन हाउस ठरतं, रोलिंग ट्रॉफी त्यांच्याकडे जाते. वर्षभर कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल, शिवाय भाषण-नाटकाच्या सीसीए (अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांच्या) स्पर्धाही हाउसवरच चालतात, पण ॲथलेटिक्सच्या त्या एक-दोन दिवसांत जेवढं रक्त तापतं तेवढं दुसऱ्या कशात नाही.

२. हाउस कोणकोणती, आणि कुणी ठरवलं?

अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी. रंग अनुक्रमे निळा, हिरवा, लाल, पिवळा. देशातल्या कुठल्याही नवोदयात गेलात तरी हीच चार नावं, ही नवोदय विद्यालय समितीची पद्धत आहे. नवोदयची सुरुवात १९८५-८६ ला दोन शाळांपासून झाली, एक हरियाणात झज्जरला आणि दुसरी आपल्या अमरावतीला, म्हणजे या सगळ्या प्रकारात महाराष्ट्र पहिल्या दिवसापासून आहे. तरी चारात सह्याद्री नाही यावर आमच्या बॅचमध्ये दरवर्षी एक तरी भांडण व्हायचं. निलगिरीवाले म्हणायचे आमचा डोंगर पश्चिम घाटातच येतो, म्हणजे सह्याद्री आम्हीच. भूगोलाच्या सरांनी ते मान्य केलं तेव्हापासून त्यांची कॉलर खाली आलीच नाही.

प्रत्येक हाउसचे ज्युनिअर आणि सीनिअर असे भाग, मुलींचे वेगळे, प्रत्येकाला हाउस मास्टर किंवा मॅडम. मीटला मात्र सगळे मिळून एक रंग.

३. मुलाचा मित्र दुसऱ्या हाउसमध्ये गेलाय, बदलून मिळेल का?

सहसा नाही. आणि खरं सांगू का, मागूही नका. सहावीत ही पोरं वाटताना शाळा संख्या सारखी ठेवते, एकाला हलवलं की दहा अर्ज येतात. मीटच्या तोंडावर तर विषयच काढू नका, कारण चांगल्या पळणाऱ्याला कुणी खेचलं असा संशय येतो आणि तो वर्षभर जात नाही. पहिले दोन महिने रडणारा मुलगा मीटनंतर तुम्हालाच फोनवर सांगेल की आमचं शिवालिक कसं भारी आहे.

४. कोणकोणते इव्हेंट असतात?

१००, २००, ४००, ८००, १५०० मीटर, मोठ्या मुलांना कधी ३०००, ४ बाय १०० आणि ४ बाय ४०० रिले. फील्डमध्ये लांब उडी, उंच उडी, गोळाफेक, थाळीफेक, काही ठिकाणी तिहेरी उडी आणि भालाफेक. लहानांना भाला बहुतेक शाळा देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. गट साधारण १४, १७ आणि १९ वर्षांखालचे, मुलं-मुली वेगळे, कारण पुढे क्लस्टर (आसपासच्या काही नवोदयांचा गट), रीजन, नॅशनल आणि शालेय राष्ट्रीय स्पर्धांचे गट तेच असतात. इयत्तेवर जाऊ नका, वयावर जा. नववीतला एखादा १४ च्या आतला निघतो आणि आठवीतला एखादा वरच्या गटात, आणि दरवर्षी यावर कुणीतरी चकित होतं.

रस्सीखेच असेल तर तिचे गुण धरतात की फक्त मजा, ते आधी विचारा. हसू नका, १९०० ते १९२० च्या ऑलिंपिकमध्ये रस्सीखेच ॲथलेटिक्सचाच भाग होती.

५. एका मुलाला किती इव्हेंटमध्ये घेता येतं?

बहुतेक ठिकाणी दोन किंवा तीन वैयक्तिक, रिले सोडून. आणि एका इव्हेंटमध्ये एका हाउसचे दोन जण. ही मर्यादा नसेल तर एकच धिप्पाड पोरगा सात मेडल घेऊन जातो आणि बाकीचे पन्नास जण कडेला बसून टाळ्या वाजवतात. कॅप्टनसाठी सांगतो, तुमचा सगळ्यात फास्ट मुलगा १००, २०० आणि लांब उडीत घालायचा मोह होतो, पण ४०० मध्ये कोण आहे ते आधी बघा. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

६. गुण कसे मोजतात? आमच्याकडे सगळ्यात जास्त गोल्ड होते तरी आम्ही तिसरे आलो, हे कसं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. आणि दरवेळी रागात आलेला असतो.

पद्धत शाळेगणिक थोडी वेगळी, कुठे ५-३-१, कुठे ५-३-२-१, रिलेला दुप्पट. आपण ५-३-२-१ धरू, आणि रिले सोडून १६ इव्हेंट झाले असं समजू. एका हाउसकडे दोन-तीन स्टार आहेत, त्यांनी ७ गोल्ड मारले, म्हणजे ३५ गुण, वर दोन चौथे नंबर, २ गुण, झाले ३७. दुसऱ्या हाउसला गोल्ड फक्त ३, म्हणजे १५. पण त्यांचे ७ दुसरे नंबर आले, २१ गुण, आणि ५ तिसरे, १० गुण, एकूण ४६. चार गोल्ड कमी असून नऊ गुणांनी पुढे! यात काही घोटाळा नाही, गणित आहे.

गंमत अशी की हे दुसरे-तिसरे नंबर येतात कुठून? १०० मीटरमधून नाही, तिथे प्रत्येक हाउस आपला वाघ उतरवतं. ते येतात १५०० मीटरमधून, थाळीफेकीतून, १४ खालच्या मुलींच्या गोळ्यातून, म्हणजे जिथे नाव द्यायलाच कुणी तयार नसतं अशा इव्हेंटमधून. मी बघितलेल्या मीट्समध्ये ट्रॉफी बहुतेक वेळा त्याच हाउसनं नेली ज्यांच्या यादीत एकही जागा रिकामी नव्हती. आठ जागांपैकी पाचच जण लाइनवर उभे असतील तर शेवटून दुसरा आलेला पोरगाही गुण घेऊन येतो. कॅप्टननं हिरो शोधण्यापेक्षा रिकाम्या जागा मोजाव्यात.

मार्च पास्टचे गुण यात धरतात की त्याची वेगळी ट्रॉफी, हे मात्र आधी लिहून घ्या. त्यावरून तर मारामाऱ्या झाल्यात.

७. माझा मुलगा खेळात अगदीच सुमार आहे. त्याला भाग घ्यायला लावू की अभ्यास करू दे?

वरचं सहावं उत्तर त्याला वाचायला द्या आणि १५०० मध्ये नाव द्यायला सांगा. पौने चार फेऱ्या किंवा साडेसात फेऱ्या, ग्राउंड जसं असेल तसं, त्या पूर्ण करायला टॅलेंट कमी आणि चिकाटी जास्त लागते. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे किंवा साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर, आपल्याकडची मोठी नावं लांब पल्ल्यातलीच आहेत. साबळेनं हांगझोच्या एशियन गेम्समध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) गोल्ड ८ मिनिटं १९.५० सेकंदांत घेतलं आणि ललिता २०१६ ला रिओत त्याच प्रकाराच्या फायनलपर्यंत गेली, दहावी आली. तुमचा मुलगा साबळे होईल असं मी म्हणत नाहीये, पण आपल्या पोरांना दमायची सवय असते, ती वाया का घालवायची.

आणि दोन दिवसांत बुडणारा अभ्यास तो तसाही करणार नसतो.

८. स्पाइक्स घेऊन देऊ का?

सहावी ते आठवी, अजिबात नको. मुरमाच्या किंवा मातीच्या ग्राउंडवर अर्धी पोरं अनवाणी पळतात आणि छान पळतात. मोठ्या गटात नियमानं चालतात पण आधी महिनाभर घालून सराव हवा, मीटच्या आदल्या रविवारी भेटायला येताना नवे कोरे स्पाइक्स आणून दिलेत तर पोटरी धरून बसेल. काही शाळा बरोबरी राहावी म्हणून स्पाइक्स सगळ्यांनाच बंद करतात. घ्यायच्या आधी पीटी सरांना विचारा. एवढंच.

९. तयारी कधीपासून करायची?

सकाळची पीटी आणि संध्याकाळचा गेम्सचा तास रोज असतोच, ज्यानं ते दोन तास झाडाखाली उभं राहून काढले नाहीत त्याची अर्धी तयारी झालेली असते. बाकी सहा आठवडे पुरतात. शेवटच्या तीन दिवसांत जीव तोडून पळू नका, त्यानं कुणी फास्ट होत नाही, फक्त दुखतं.

१०. बाहेरच्या लेनवाला एवढा पुढे का उभा करतात? हा अन्याय नाही का?

नाही, तो पुढे नसतोच. वळणावर बाहेरच्या लेनचं वर्तुळ मोठं, म्हणून त्याला तेवढी सूट. याला स्टॅगर म्हणतात.

आता यातला मजेदार भाग. लेनची रुंदी १.२२ मीटर. एका पूर्ण फेरीत दोन वळणं मिळून एक अख्खं वर्तुळ होतं, त्यामुळे शेजारच्या दोन लेनमधला फरक दोन गुणिले पाय (π, ३.१४) गुणिले १.२२, म्हणजे ७.६७ मीटर. यात ट्रॅकची त्रिज्या कुठेच येत नाही! म्हणजे ४०० चा सिंथेटिक ट्रॅक असो की तुमच्या शाळेतला फक्कीनं आखलेला २०० चा, एका फेरीचा स्टॅगर तोच. बऱ्याच ठिकाणी २०० च्या ग्राउंडवर स्टॅगर निम्मा करतात, ट्रॅक निम्मा म्हणून, आणि तिथे बाहेरच्या लेनवाल्याचं खरोखर नुकसान होतं. पक्क्या ट्रॅकवर दुसऱ्या लेनचा आकडा ७.०४ येतो, कारण तिथे आत उंच कठडा असतो आणि पहिली लेन त्यापासून ३० सेंटीमीटरवर मोजतात, बाकीच्या लेन आपापल्या आतल्या रेषेपासून २० वर. नुसती फक्की असेल तर सगळ्यांना २० च, त्यामुळे सरळ ७.६७.

२०० च्या ग्राउंडवर ४०० मीटर म्हणजे दोन फेऱ्या, दोन्ही लेनमध्येच पळवणार असाल तर स्टॅगर दुप्पट, १५.३३. लेन १ मीटरची आखली असेल तर ७.६७ च्या जागी ६.२८. सुतळी, खिळे, टेप आणि गणिताचे एक सर, एवढ्यावर काम होतं. पूर्ण ४०० चा ट्रॅक बसवायला साधारण १७७ बाय ९३ मीटर जागा लागते, ती नसेल तर ओढूनताणून बसवू नका, वळण इतकं आखूड होतं की पोरं बाहेर फेकली जातात.

११. फॉल्स स्टार्टला लगेच बाद करतात की एक चान्स असतो?

आंतरराष्ट्रीय नियमात २०१० पासून पहिल्याच चुकीला बाद. शाळेत बहुतेक स्टार्टर एक वॉर्निंग देतात आणि माझ्या मते लहान गटात दिलीच पाहिजे, क्लॅपरच्या आधी शेजारच्या झाडावरून कावळा उडाला तरी ही पोरं सुटतात. पण वॉर्निंग देणार असाल तर पहिल्या हीटपासून फायनलपर्यंत सगळ्यांना द्या. सकाळी वॉर्निंग आणि दुपारी ऊन डोक्यावर आल्यावर थेट बाद, असं नको.

१२. मोबाईलच्या व्हिडिओत आमचा मुलगा स्पष्ट पुढे दिसतोय, मग निकाल का बदलत नाहीत?

कारण व्हिडिओ काढणारा फिनिश लाइनच्या रेषेत उभा नव्हता. थोडं जरी तिरकं उभं राहिलं तरी जवळच्या लेनवाला पुढे दिसतो, करून बघा. दुसरं म्हणजे फिनिशला डोकं, हात, पाय काही धरत नाहीत, धड रेषेवर कधी आलं ते बघतात. हात पुढे फेकून पडणाऱ्या पोरांची गुडघ्याची सालं जातात, सेकंद वाचत नाही.

वेळ हातानं घेतली असेल तर ती नेहमी वरच्या दशांशात मोजतात, घड्याळावर १२.३१ आलं की कागदावर १२.४. पहिल्या नंबरला तीन घड्याळं असतात, दोन जुळली तर ती वेळ, तिन्ही वेगळी तर मधली. आणि नंबर ठरतो तो रेषेवरच्या पंचांच्या डोळ्यानं, म्हणून दोघांची वेळ सारखी असूनही पहिला-दुसरा असू शकतो.

१३. लांब उडीत पाय फळीवर होता तरी लाल झेंडा, का?

फळीवर असून चालतो, फळीच्या पुढच्या कडेच्या पुढे गेला की फाउल. आता जागतिक नियम आणखी कडक आहे, उडताना बूट त्या कडेच्या उभ्या रेषेपलीकडे गेला तरी फाउल, कडेला लावलेल्या प्लॅस्टिसिनवर (मऊ मातीसारखी पट्टी) खूण उठायची गरज नाही. शाळेत फळी मातीत गेलेली असते, म्हणून कडेला बारीक वाळू नाहीतर फक्की ठेवतात आणि त्यावरचा ठसा बघतात.

मोजमाप वाळूतल्या फळीला सगळ्यात जवळच्या खुणेपासून. म्हणजे पाय पाच मीटरवर आणि मागे टेकलेला हात साडेचारवर असेल तर उडी साडेचारची. दरवर्षी कुणीतरी छान उडी मारून मागे बसतं.

१४. उंच उडीत दोघांनी सारखीच उंची पार केली, मग एकालाच गोल्ड कसं दिलं?

इथे पालक तर सोडाच, काही पंचही गडबडतात, म्हणून नीट बघा. प्रत्येक उंचीला तीन प्रयत्न, आणि सलग तीन वेळा पडलात की बाहेर. टाय झाला तर आधी बघायचं की जी शेवटची उंची दोघांनी पार केली ती कुणी कमी प्रयत्नांत केली.

समजा अरावलीच्या मुलानं १.४० पहिल्या प्रयत्नात आणि १.४५ दुसऱ्या प्रयत्नात मारली. उदयगिरीच्या मुलानं १.४० दुसऱ्यात, १.४५ पहिल्यात. १.५० दोघांनाही जमली नाही. दोघांच्या चुका एकेकच, पण गोल्ड उदयगिरीला, कारण १.४५ त्यानं पहिल्या फटक्यात मारली. तिथेही बरोबरी असेल तर स्पर्धेच्या सुरुवातीपासून त्या उंचीपर्यंतच्या एकूण चुका मोजायच्या, शेवटच्या उंचीवरच्या तीन चुका त्यात धरायच्या नाहीत. तरीही सारखे असतील तर पहिल्या नंबरसाठी जंप-ऑफ, किंवा दोघं थांबायला तयार असतील तर दोघांना गोल्ड. टोकियो ऑलिंपिकला कतारच्या बार्शिम आणि इटलीच्या तांबेरीनं २.३७ वर हेच केलं. गुणांचं काय, तर पहिल्या आणि दुसऱ्याचे मिळून आठ, प्रत्येकी चार.

आणि हो, उडी एकाच पायावरून. दोन्ही पाय जोडून उडणारा सहावीतला मुलगा दरवर्षी एक तरी असतो, कितीही उंच गेला तरी ती चालत नाही.

१५. गोळा किती किलोचा? आमच्या शाळेत एकच गोळा आहे.

पुरुषांचा ७.२६ किलो, महिलांचा ४, २० वर्षांखालच्या मुलांचा ६, १८ खालच्या मुलांचा ५ आणि मुलींचा ३. त्याहून लहानांना हलका द्या. एकच जड गोळा सगळ्यांना देणं म्हणजे खांद्याशी खेळ आहे. सांगली जिल्ह्याच्या सचिन खिलारीनं २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये एफ४६ (हाताचं अपंगत्व असलेल्यांच्या) गटात १६.३२ मीटर टाकून सिल्व्हर घेतलं, त्याचे व्हिडिओ बघा, गोळा मानेजवळून सुटतो आणि खांद्याच्या मागे जात नाही. आपली पोरं क्रिकेटचा बॉल फेकल्यासारखा फेकतात, तो फाउल. फेकून झाल्यावर सर्कलच्या मागच्या अर्ध्यातून बाहेर यायचं, आनंदात पुढे पळत गेलात की तोही फाउल.

१६. रिलेत बॅटन पडला तर टीम बाद का?

नाही. पडला म्हणून कुणी बाद होत नाही, ज्याच्या हातून पडला त्यानंच उचलायचा, त्यासाठी लेन सोडून जावं लागलं तरी चालतं, फक्त अंतर वाचवायचं नाही आणि दुसऱ्याच्या वाटेत यायचं नाही. मला हे अकरावीत माहीत नव्हतं. तिसऱ्या लेगला माझ्या हातून बॅटन सुटला, घरंगळत शेजारच्या लेनमध्ये गेला, आणि मी तिथेच उभा राहून डोक्याला हात लावला, आता संपलं म्हणून. उचलून पळालो असतो तर तिसरे आलो असतो कारण मागचं हाउस पुढच्याच चेंजला चुकलं. रिलेचे दुप्पट गुण, आणि आम्ही ट्रॉफी तीन गुणांनी घालवली. महिनाभर मेसमध्ये मी शेवटच्या टेबलावर जेवलो.

बाद कशानं होतात ते ऐका. ४ बाय १०० मध्ये बॅटन ३० मीटरच्या झोनमध्ये बदलला पाहिजे, २०१७ च्या शेवटापर्यंत हा झोन २० चा होता आणि मागे १० मीटर पळायला मिळायचे, जुने सर अजून तसंच आखतात. ४ बाय ४०० ला झोन अजून २० चाच. झोनमध्ये पाय कुठे आहेत ते नाही, बॅटन कुठे आहे ते बघतात. हातमोजे चालत नाहीत. बॅटन २८ ते ३० सेंटीमीटरचा हवा, तुटलेल्या झाडूचा दांडा नको, निदान चारही टीमला सारखा तरी द्या.

१७. मीटच्या दिवशी मुलीला पाळी आली तर?

तिला वाटत असेल तर पळू दे, नसेल वाटत तर कारण न विचारता नाव मागे घ्यावं. मॅडमना किंवा स्टाफ नर्सला सांगितलं की पुरे. मुलींच्या हाउसमध्ये म्हणूनच प्रत्येक इव्हेंटला एक राखीव नाव ठरवून ठेवतात. कॅप्टन मुलीनं यावरून कुणाला टोमणा मारला तर हाउस मॅडमनी कानउघाडणी करावी, असा माझा प्रेमळ सल्ला.

१८. दोन इव्हेंट एकाच वेळी आले, किंवा ऐनवेळी मुलगा आजारी पडला तर?

ट्रॅक आधी. लांब उडी चालू असताना २०० चा कॉल आला तर उडीच्या पंचांना सांगून जायचं, ते त्या फेरीत क्रम बदलून आधी उडी घेऊ देतात, शेवटच्या फेरीत मात्र नाही. न सांगता गेलात आणि नाव पुकारलं तर ती उडी गेली, परत मिळत नाही. आजारी मुलाच्या जागी बदली चालते, पण इव्हेंटचा कॉल व्हायच्या आधी आणि ज्याचे इव्हेंट भरलेले नाहीत अशाचीच (पाचवं उत्तर).

१९. आम्ही बघायला येऊ का? आणि मार्च पास्टमध्ये एवढं काय असतं?

प्राचार्य ठरवतात. काही शाळा उद्घाटनाला पालक समितीला बोलावतात, काही कुणालाच नाही. न विचारता गेटवर येऊन उभे राहू नका, पोराचं लक्ष तुमच्या डब्याकडे जातं. आलातच तर ओआरएस आणि केळी आणा, चिवडा रेस झाल्यावर.

मार्च पास्टमध्ये कदमताल, ओळ, युनिफॉर्म आणि ‘दाहिने देख’ ला सगळ्यांची मान एकदम वळणं हे बघतात. हाउसचा झेंडा पाहुण्यांसमोर झुकवतात. तिरंगा कधीच झुकवायचा नाही, ध्वजसंहितेतच आहे, तरी घाईत चुका होतात, म्हणून तिरंगा धरणाऱ्याला वेगळं बजावून ठेवा.

२०. इंटर हाउसच्या मेडलवर दहावीला ग्रेस मार्क मिळतात का?

नाही. ते क्रीडा गुण राज्य मंडळाचे, आणि तेही शाळेबाहेरच्या मान्य स्पर्धांसाठी. नवोदय सीबीएसईचं आहे. या मीटचा खरा उपयोग म्हणजे क्लस्टरसाठी निवड, पण तिथेही गोल्ड मिळालं म्हणून आपोआप नाव जात नाही, वयाचा गट बसला पाहिजे (चौथं उत्तर).

२१. मायग्रेशनला गेलेला मुलगा कोणाकडून पळतो?

नववीत साधारण तीस टक्के पोरं हिंदी भाषक राज्यातल्या जोडीच्या नवोदयात जातात आणि तिकडची इकडे येतात. जिथे राहतो तिथल्या हाउसकडून पळायचं, जुनं हाउस संपलं. नावं सगळीकडे तीच असल्यानं निलगिरीतून निलगिरीत पडला तर पोरगं खूश, अरावलीत पडला तर आठवडाभर निळा टी-शर्ट घालायला कुरकुर. एक सांगतो, तिकडून आलेल्या पोरांना पहिली मैत्री इथे वर्गात नाही, रिलेच्या सरावात मिळते, म्हणून कॅप्टननं त्यांना राखीवमध्ये टाकू नये.

२२. निकाल चुकीचा वाटला तर तक्रार कुठे करायची?

कॅप्टन आणि हाउस मास्टरनी, निकाल जाहीर झाल्यापासून अर्ध्या तासात, आधी रेफरीकडे तोंडी. पटलं नाही तर लेखी. मोठ्या स्पर्धांत अर्धा तासच असतो. तीन दिवसांनी पालकांनी प्राचार्यांना फोन करणं ही तक्रार नाही. आणि तक्रार ऐकणाऱ्या समितीत त्याच दोन हाउसचे मास्टर नसावेत, हे सांगायची वेळ येऊ नये पण येते.

२३. सगळं संपल्यावर दोन हाउसचे गुण सारखे झाले तर ट्रॉफी कुणाला?

आधी कुणाचे गोल्ड जास्त, तेही सारखे तर सिल्व्हर, मग तिसरे नंबर, पदकतालिकेसारखं. काही शाळा ४ बाय ४०० चा निकाल धरतात, तेही ठीक, फक्त कॅप्टन मीटिंगमध्ये लिहून सही घेतलेली असावी. एवढं करूनही बरोबरी राहिली तर संयुक्त विजेते आणि ट्रॉफी सहा-सहा महिने. पहिले सहा महिने कुणाकडे, यासाठी नाणं उडवा, आणि नाणं पीटी सरांनी उडवावं, कॅप्टननी नको.